मे महिन्यात आबूला क्लाइंबिंग: बडोद्याहून दोन दिवसांचा बेत कसा करायचा

मे महिन्यात क्लाइंबिंगला जातो म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, या उन्हात? आणि प्रश्न बरोबरच आहे, बडोद्यात ४२-४३ डिग्री असताना पावागडच्या दगडाला दुपारी हात लावून बघा, कळेल. म्हणून आम्ही पावागड थंडीसाठी ठेवतो आणि उन्हाळ्यात सरळ माउंट आबू. शुक्रवारी रात्री बडोद्याहून गाडी पकडायची, अहमदाबाद-पालनपूर करत पहाटे आबूरोड, तिथून २८ किलोमीटरचा घाट चढला की हवा बदललेली कळतेच. गुरुशिखर १७२२ मीटर आहे, त्यामुळे खालच्यापेक्षा गारवा मिळतो, पण दुपारचं ऊन तिथेही ऊनच असतं हे विसरू नका.

आधी माणसं ठरवा, सामान नंतर. सहा जण असाल तर निदान दोघांनी रीतसर ट्रेनिंग घेतलेलं हवं. आबूलाच गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहे, तिथला बेसिक कोर्स करून आलेला कोणीतरी बडोद्यात ओळखीत निघतोच. तसं कोणीच नसेल तर इन्स्ट्रक्टर घ्या, व्हिडिओ बघून अँकर लावायचा नाही, प्लीज. अँकर म्हणजे वरचा तो आधार ज्यावर दोर लटकतो, तो कमीत कमी दोन वेगवेगळ्या पॉइंटवर हवा आणि त्या दोन पॉइंटवरून येणाऱ्या पट्ट्यांमधला कोन ६० डिग्रीच्या आत ठेवायचा, कारण कोन १२० झाला तर प्रत्येक पॉइंटवर अख्ख्या वजनाएवढा ताण येतो, मग दोन लावून उपयोग काय.

टेंट कुठेही ठोकू नका. डोंगराचा मोठा भाग अभयारण्यात येतो, अस्वलं आहेत, बिबटे आहेत, त्यामुळे परवानगी असलेल्या कॅम्पसाइटवर किंवा राहायच्या जागेच्या आवारात विचारून लावा. रात्री खाण्याचं काही टेंटमध्ये ठेवायचं नाही आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू असतात. खायला दशम्या, ठेपले, सुखडी, गूळ-शेंगदाणे, म्हणजे चूल पेटवायची गरजच नाही. पाणी मात्र माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा आणि ओआरएसची पाकिटं वेगळी. आणि शनिवारी रात्री दारू नको. गुजरातेत दारूबंदी, आबू राजस्थानात, त्यामुळे बडोद्याहून आबूला गेलं की तो विषय निघतोच, पण रविवारी सकाळी ज्याच्या हातात माझा दोर असणार आहे तो नीट झोपलेला हवा, एवढं मी प्रत्येक ट्रिपला आधीच सांगून टाकते.

चढायची वेळ म्हणजे पहाटे साडेपाच ते साडेनऊ, फार तर दहा. पश्चिमेकडे तोंड असलेला कातळ शोधा, सकाळभर सावलीत राहतो. चढण्याआधी खालून वर नीट नजर फिरवा, कपारीत किंवा खडकाच्या पोटाखाली आग्या मोहोळ दिसलं तर तो कातळ सोडायचा, वाद नाही. सेंट-बिंट लावायचं नाही, आरडाओरडा नाही, धूर तर नाहीच.

आबूचा दगड ग्रॅनाइट, हाताला खरखरीत लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी पकडायला काही नसतं, नुसता तिरपा गुळगुळीत दिसणारा उतार. नवीन माणूस घाबरून दगडाला पोटाने चिकटतो आणि तिथेच घसरतो. उलट करायचं, अंग दगडापासून लांब, टाचा खाली, वजन सगळं पायावर, म्हणजे बुटाचा जास्तीत जास्त सोल दगडाला टेकतो. हाताला घाम आला की क्लाइंबिंगची चॉक पावडर (मॅग्नेशियम कार्बोनेट, फळ्याचा खडू नाही) लावा. ऊन चढलं की बोटं सटकायला लागतात, तेव्हा जिद्द करू नका, उतरा.

आता बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कारण चढणारा चुकला तर खालचा सांभाळतो, खालचा चुकला तर कोणीच नाही. ब्रेकचा हात दोरावरून एक सेकंद सुद्धा सुटायचा नाही, पाणी प्यायला नाही, फोटोला नाही. आणि प्रत्येक चढाईआधी दोघांनी एकमेकांचं चेक करायचं, नुसतं बघून नाही तर बोट लावून: हार्नेसचं (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याचं) बक्कल, फिगर ऑफ एटची म्हणजे दोर हार्नेसला बांधायची आठच्या आकाराची गाठ (मागे निदान एक वीत शेपूट), कॅराबिनरचा म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा स्क्रू. मागच्या मे मध्ये माझी मैत्रीण चढायला निघाली, पाय वर टाकलेला, आणि मी सवयीने माझ्याच बिलेच्या कॅराबिनरवर अंगठा फिरवला तर स्क्रू अर्धाच फिरलेला, दाबलं तर गेट उघडत होतं. तिला खाली बोलावलं, स्क्रू आवळला, मग परत चढली. दिसायला तो बंदच दिसत होता, म्हणून बोट लावा म्हणतेय.

दोर चढण्यासाठी डायनॅमिकच हवा, तो ताणला जातो म्हणून पडल्यावर झटका कमी बसतो, स्टॅटिक म्हणजे फारसा न ताणणारा दोर रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून खाली उतरण्यासाठी. दोरावर पाय द्यायचा नाही, बारीक खडी आत जाऊन धागे कापते. गाडीच्या बॅटरीजवळ तर चुकूनही ठेवू नका, ॲसिडने नायलॉन आतून जातं आणि वरून काही दिसत नाही.

दहानंतर सावलीत लोळा, पत्ते खेळा, झोपा, संध्याकाळी ‘नक्की’ नावाच्या तलावावर एक चक्कर. रविवारी दुपारी जेवून आबूरोडला उतरायचं, परतीचं तिकीट आधीच काढलेलं असू दे, सुट्टीत मिळत नाही. घरी आल्यावर टेंट गच्चीवर पसरून वाळवा, आणि दोर बॅगेत तसाच कोंबून ठेवू नका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीतून सरकवत न्या, कुठे मऊ किंवा चपटा लागला तर तो दोर पुढच्या ट्रिपला न्यायचा नाही.