गोठलेल्या हिवाळ्यात पर्चसाठी जिवंत आमिष: गोल्डनरॉडच्या गाठीतील अळी

उत्तर अमेरिकेत तळी गोठल्यावरही पिवळा पर्च हा मासा गळाला लागतो, पण जमीनच दगडासारखी झाल्याने गांडुळे मिळत नाहीत. पालापाचोळा उकरला, कुजके ओंडके फोडले. वैतागाखेरीज काही हाती लागले नाही. उपाय माळावरील गोल्डनरॉड या रानटी फुलझाडाच्या वाळक्या दांड्यांवर मिळाला: दांड्यावरील फुगीर गाठीत एका माशीची अळी हिवाळा काढते.

आधी गाठीचा आकार पाहावा. ती गोल हवी. लांबट, चातीसारखी गाठ सोडून द्यावी, कारण तिच्यातील पतंग हिवाळ्यापूर्वीच उडून गेलेला असतो. पक्ष्यांनी टोचलेल्या गाठी रिकाम्या असतात आणि अगदी लहान गाठींत पुष्कळदा परजीवी गांधीलमाशीची बारीक अळी निघते, म्हणून भोक नसलेल्या, टपोऱ्या गाठी दांड्यासकट छाटाव्यात. त्या थंडीतच ठेवाव्यात. घरातील उबेत काही आठवड्यांत अळीचा कोश होतो आणि मग माशी बाहेर पडते.

आपण गोठलेल्या तळ्यावर पोचल्यावरच गाठ फोडावी. चाकूने सभोवती उथळ चीर पाडून, पाते मध्यापर्यंत न नेता, दोन्ही हातांनी पिळली की ती दुभंगते आणि मधल्या पोकळीत साईच्या रंगाची गुबगुबीत अळी दिसते. बारीक तारेचा लहान गळ तिच्या टोकाच्या कातडीतून अलगद ओवावा. फुटलेली अळी गळावर टिकत नाही, ती बदलावी.