पैलवानाचा खुराक आणि रंकाळ्याची फेरी : अंग कमवताना या चुका टाळा

कोल्हापुरात व्यायामाची आवड कुणाला शिकवावी लागत नाही. पहाटे रंकाळा तलावावर चालणाऱ्यांची गर्दी असते, विद्यापीठाच्या आवारात पोरं पळत असतात, पेठापेठांत तालमी आहेत आणि आता गल्लोगल्ली जिमही झाल्या आहेत. तरीही तक्रार एकच ऐकू येते : "रोज चालतोय, पण पोट काय हलंना." ही तक्रार करणारी माणसं आळशी नसतात. पहाटे पाचला उठणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? त्यांची मेहनत एका हिशोबाची आणि ताट दुसऱ्याच हिशोबाचं असतं, एवढंच.

खुराक पैलवानाचा, दिवस खुर्चीतला

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो. आपल्याकडे अंग कमवायचं म्हटलं की डोळ्यांसमोर तालीम येते आणि तालमीबरोबर दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटणही येतं. गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीतला पैलवान दिवसातून दोन वेळा तासन् तास घाम गाळतो. जोर, बैठका, लढती, माती उकरणं हे त्याचं रोजचं काम. तो खुराक त्या मेहनतीसाठीच ठरलेला आहे. दिवसभर ऑफिसात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने तोच खुराक घेतला तर तो पोटावर आणि कमरेवरच साठणार.

आकडे बघा. ७० किलोच्या माणसाने पाऊण तास झपाझप चालून साधारण २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. फेरी संपवून गंगावेसच्या कट्ट्यावर म्हशीचं फेसाळ दूध घेतलं, तर २५० मिलीच्या एका ग्लासातच तेवढ्या किंवा थोड्या जास्त कॅलरी परत येतात. दूध वाईट नाही, त्यात नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं आहेत. पण ते घेतलं तर सकाळचा नाश्ता तेवढ्याने कमी करायला हवा, आणि तिथेच सगळे चुकतात. शिवाय धारोष्ण दूध न तापवता पिऊ नका. ब्रुसेलोसिससारखे आजार कच्च्या दुधातून माणसाला होतात.

मिसळीचंही तसंच. खालची मटकीची उसळ उत्तम आहे. घात करतो तो वरचा कट म्हणजे तेलकट तिखट रस्सा, मूठभर फरसाण आणि न मोजता खाल्लेले ब्रेड. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि कट दुसऱ्यांदा मागवला की असे दोन-तीन चमचे सहज पोटात जातात. मिसळ सोडायची गरज नाही. उसळ जास्त, फरसाण कमी, कट एकदाच, असं सांगून घ्या. रविवारच्या मटणातही सुक्क्याचे तुकडे आपल्या कामाचे असतात. पांढऱ्या रश्शात नारळ, खसखस, काजू आणि तांबड्यावर तेलाचा तवंग असतो, म्हणून दोन्ही मिळून दोन वाट्यांवर थांबा. एक-दोन भाकरी आणि भरपूर कांदा-काकडी घ्या. रस्सा वाढणारा थांबत नाही, आपल्यालाच वाटीवर हात धरावा लागतो.

साखर सोडून गूळ सुरू केलेले पुष्कळ भेटतात. आपला गूळ नावाजलेला आहे, पण वजनाच्या हिशोबात तो साखरेच्याच जवळचा. ग्रॅममागे साखरेच्या चार कॅलरी, गुळाच्या किंचित कमी. चहाचे चार कप गुळाचे झाले म्हणून पोट उतरत नाही.

नुसतं चालणं

चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं. ते थांबवू नका. पण अंग घट्ट आणि रेखीव दिसतं ते स्नायू टिकल्यामुळे आणि त्यावरची चरबी उतरल्यामुळे. स्नायूंना ओझं मिळालं नाही तर खाणं कमी केल्यावर चरबीबरोबर तेही झिजतात. मग वजन उतरतं, पण दंड लोंबतात आणि चेहरा ओढलेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. हा दुसरा भाग आपल्याकडे राहूनच जातो.

तीन दिवस पुरतात. बैठका, जोर, काहीतरी आपल्याकडे ओढण्याचा व्यायाम, जमिनीवरून वजन उचलणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. जिम नसेल तर पाण्याचे कॅन चालतात. वजन इतकं असावं की शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर जड जाव्यात. आज दहा वेळा जमलं तर पुढे बारा वेळा करा, मग वजन वाढवा. वर्षभर तेच डंबेल आणि तेच आकडे राहिले तर शरीराला बदलायचं काही कारणच उरत नाही.

बैठक मारताना गुडघा दुखतो, असं सांगणाऱ्यांची बैठक एकदा बाजूने बघा. बहुतेक जण टाचा उचलून, झटक्याने खाली जातात. चवड्यांवरची वेगवान बैठक ही पैलवानाची रीत आहे, लहानपणापासून सराव असलेल्यांची. चाळिशीत सुरू करणाऱ्याने पाय खांद्याएवढे रुंद ठेवावेत, टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात, आधी बसकण मागे न्यावी आणि तीन आकडे मोजत खाली जावं. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वळू द्या, आत पडू देऊ नका. तरी दुखलं तर मागे खुर्ची ठेवून तिला टेकेपर्यंतच बसा.

बायकांनी वजन उचललं की शरीर पुरुषी होतं, ही भीती मनातून काढून टाका. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं, त्यामुळे तसे पिळदार स्नायू आपोआप येत नाहीत. उलट पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हेच ओझं कामी येतं. घरातल्या आईला, काकूंना, वहिनींना आवर्जून सोबत घ्या.

पोटाला पट्टा बांधून किंवा रेनकोट घालून पळू नका. जातं ते पाणी, घोटभर प्यायलं की परत येतं. नुसते पोटाचे व्यायाम करूनही पोटाचीच चरबी उतरत नाही, ती सगळ्या अंगावरून आपल्या क्रमाने उतरते.

प्रथिनं सगळी रात्रीवर

सकाळी पोहे, दुपारी भात-आमटी, चहाबरोबर खारी, आणि रात्री एकदम अंडी किंवा चिकन. यात दिवसभर भूक लागत राहते. माणसाची किमान गरज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची, म्हणजे ७० किलोला साधारण ५८ ग्रॅम. ओझ्याचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम चांगले. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात, आणि ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास मिळतात. शेंगदाण्यातही प्रथिनं आहेत, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी, म्हणून मूठभरच. पावडरचा डबा घेण्याआधी तिन्ही जेवणांत यातलं काय काय बसतं ते बघा.

काट्यावर रोजचा विश्वास

रविवारी मटण झालं, सोमवारी काटा दीड किलो वर, आणि मंगळवारी उपास! खारट रश्शाने अंगात पाणी धरलेलं असतं, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. आठवड्यातून एकाच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन बघा आणि बेंबीजवळ टेपने पोट मोजा. पोट कमी होतंय आणि वजन तेवढंच आहे, म्हणजे काम नीट चाललंय. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक आणलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोच्या आतल्या शरीराने. ताकद किलोत मोजायची नसते.

चार आठवड्यांत टेप हललाच नाही, तर तीन दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहा. चहा, शेवेची चिमूट, पोरांच्या ताटातलं उरलेलंसुद्धा. मग भाकरी किंवा भात थोडा कमी करा, पूर्ण बंद नको. रात्री सहा तासांहून कमी झोप होत असेल तर आधी ती सुधारा, कारण अपुऱ्या झोपेत भूक वाढते.

एक चूक मात्र धोक्याची आहे. बरीच वर्षं खंड पडलेला माणूस ईर्षेने पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका मारतो. दोन दिवस मांड्या दुखणं ठीक. पण मांड्या सुजल्या, दुखणं वाढतच गेलं आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरले असण्याची शक्यता असते आणि त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अशा वेळी मालिश करत घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नव्याने सुरू करताना दहा-दहाच्या दोन फेऱ्या पुरेत. मध्ये एक दिवस सोडा, आणि दर आठवड्याला थोड्याच वाढवा.