आल्बाइसिन बघायचं तर पाण्यामागे चाला

स्पेनमधल्या ग्रानादाला जाणारे बहुतेक जण अल्हाम्ब्रा या किल्ला-राजवाड्याचं तिकीट कितीतरी आधी काढून ठेवतात आणि समोरच्या टेकडीवरची आल्बाइसिन ही जुनी वस्ती संध्याकाळच्या तासाभरात उरकतात. बसने वर, सान निकोलास चौकाच्या कठड्यावरून फोटो, की खाली. हाती लागतं ते एवढंच: पांढऱ्या भिंती आणि अरुंद बोळ. या वस्तीला अर्धा दिवस द्यायला हवा आणि ती वरून खाली उतरत बघायला हवी, कारण इथं पाणी वरून खाली आलं आणि घरं त्याच्या मागोमाग बसली.

अकराव्या शतकात झिरी या मुस्लिम घराण्याच्या राजांनी या टेकडीवर राजधानी वसवली. पायथ्याशी दारो नदी होती, पण नदीचं पाणी चढावर न्यायचं कसं? मग आल्फाकार गावाजवळच्या झऱ्यापासून, डोंगराच्या कडेकडेने उतार सांभाळत, पाट आणला. त्याचं नाव आयनादामार, मूळ अरबी अर्थ 'अश्रूंचा झरा'. वस्तीच्या माथ्यावर पोचलेलं पाणी पुढे आपल्या ओढीनेच एकेका मोहल्ल्याच्या टाक्यात उतरायचं. गडावरची टाकी बघितलेल्यांना इथलं 'आल्हीबे' लगेच कळेल. फरक इतकाच, की ते कातळात कोरलेलं नसून जमिनीखाली विटा-चुन्यात बांधलेलं असतं आणि वर कमानदार छत असतं. अशी पंचवीसच्या वर टाकी वस्तीत अजून शाबूत आहेत. विसाव्या शतकात घरोघरी नळ येईपर्यंत लोक त्यातलं पाणी भरत होते.

निघण्याआधी

बूट जाड आणि न घसरणाऱ्या तळव्याचे घ्या. इथल्या रस्त्यांना फरशी नाही. नदीतले गोल गोटे उभे रोवून, काळ्या-पांढऱ्या रंगांची नक्षी साधत जमीन केलेली आहे. शेकडो वर्षांच्या वर्दळीने गोटे गुळगुळीत झालेत. पाऊस पडला किंवा हिवाळ्यात सकाळी दव असलं, की उतारावर पाय सटकतो. पातळ तळव्याच्या चपलेतून तर प्रत्येक गोटा टोचतो. ओल असेल तेव्हा बोळाच्या कडेने, एक हात भिंतीजवळ ठेवून उतरा. पायऱ्या असतील तर पायऱ्याच घ्या.

मुक्काम वस्तीतच असेल तर चाकांची बॅग आणू नका. चाकं गोट्यांत अडकून मोडतात, आणि मध्यरात्री त्यांचा खडखडाट अख्ख्या बोळाला जागं करतो. पाठीवरची पिशवी बरी. घरमालकाला आधीच विचारा: टॅक्सी दारापासून किती लांब थांबते? बऱ्याच गल्ल्यांत वाहनांना परवान्याशिवाय बंदी आहे, वर कॅमेरेही आहेत. भाड्याची गाडी घेऊन आत शिरणाऱ्याच्या घरी पुढे दंडाची चिठ्ठी येते. पायथ्याच्या प्लासा नुएवा या चौकातून सी31 ही छोटी बस वस्तीत फिरते. आकाराने ती मोठ्या गाडीएवढीच असते, कारण त्याहून मोठी वळतच नाही.

वार निवडताना रविवार आणि सोमवार टाळलेले बरे. रविवारी दुकानं बंद असतात, आणि बरीच स्मारकं सोमवारी. शनिवार सकाळ सर्वांत चांगली. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा आठलाच चालायला लागा.

वरून खाली

सान क्रिस्तोबालच्या कठड्यापासून सुरुवात करा. तो मोठ्या रस्त्यावर आहे, टॅक्सी थेट पोचते. समोर दरीपलीकडे झिरींची तटबंदी दिसते. दगडी चिऱ्यांची नव्हे, तर माती, चुना आणि खडी फळ्यांच्या साच्यात ठोकून उभी केलेली. साच्यांचे आडवे थर अजून वाचता येतात. आधी ही भिंत बघितली की पुढे घरांच्या मधूनमधून डोकावणारे तिचे तुकडे ओळखू येतात.

तिथून उतरून, पुन्हा थोडं चढून प्लासा लार्गाला या. नाव 'लांब चौक', पण मिनिटाभरात ओलांडून होतो. सकाळी इथं भाजी, फळं, फुलं यांचे स्टॉल लागतात, म्हाताऱ्या बायका चाकांची पिशवी ओढत येतात, आणि खरेदीपेक्षा बोलणं जास्त चालतं. साडेनऊ ते बारा ही वेळ. दोननंतर आलात तर खुर्च्या आणि पर्यटक, एवढंच शिल्लक असतं. न्याहारीला टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल मागा. इथली माणसं तेच खातात.

चौकाच्या एका टोकाला वेस आहे, आर्को दे लास पेसास, म्हणजे 'वजनांची कमान'. कमी भरणारी, खोटी वजनं व्यापाऱ्यांकडून जप्त करून इथं टांगत. बाजाराच्या तोंडाशीच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. आत शिरताना वाट काटकोनात वळते: हल्लेखोराला सरळ धाव घेता येऊ नये म्हणून.

वेशीतून आत जाण्याआधी जवळच्या साल्वादोर चर्चला जाऊन या. या जागी वस्तीची मुख्य मशीद होती. चर्चला लागून असलेलं आवार त्याच मशिदीचं, घोड्याच्या नालेसारख्या कमानी आणि टाकं यांच्यासकट. इथं वस्तीचा नियम सापडतो. नमाजाआधी हातपाय धुवायला पाणी लागतं, म्हणून मशिदीशेजारी टाकं. 1492 मध्ये ग्रानादा कॅथलिक राजांच्या हाती गेलं. 1499 मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध याच वस्तीत उठाव झाला, तो मोडला गेला, आणि मशिदींची चर्च झाली. टाकी मात्र कुणी हलवली नाहीत, तहान सगळ्यांनाच सारखी. त्यामुळे आजही चर्च आणि छोटा चौक दिसला की आसपास विटांची बुटकी कमान शोधा. सान निकोलास, सान मिगेल बाखो, सान क्रिस्तोबाल, सगळीकडे ती आहे.

कमान सापडली की तीन गोष्टी बघा. एक, कमानीचा तळ रस्त्याच्या पातळीपेक्षा किती खाली आहे. रस्ता भरत-भरत वर आल्याची खूण तिथं असते. दोन, आतल्या भिंतीचा गिलावा. पाणी झिरपू नये म्हणून चुन्याचा घट्ट थर देऊन त्यावर तांबड्या मातीचा हात फिरवत, तो काही ठिकाणी टिकून आहे. तीन, दगडी कठडा असेल तर त्याच्या काठावर दोरांनी पाडलेले चरे. जाळीतून मोबाइलचा टॉर्च आत धरला तर छत दिसतं. हात जपून, मोबाइल आत पडला तर परत मिळणार नाही.

सर्वांत मोठं टाकं, आल्हीबे देल रेय, सुमारे 300 घनमीटर पाणी धरायचं. त्याच्याभोवतीच्या आवारात आता पाण्यावरचं माहिती केंद्र आहे. ते ठरलेल्या वेळीच उघडतं, म्हणून आदल्या दिवशी वेळ बघून ठेवा. तिथून दार अल-होर्रा हा पंधराव्या शतकातला छोटा वाडा दोन पावलांवर. शेवटचा सुलतान बोअब्दिल याच्या आईचं हे घर मानलं जातं.

उंच भिंतींमागे

चालताना एक गोष्ट खटकेल: भिंतीच भिंती, आणि वरून डोकावणारी सायप्रसची झाडं. या भिंतींमागे 'कार्मेन' असतात, बागेसह घर. शब्द अरबी, अर्थ द्राक्षवेल. 1569 मध्ये मुस्लिम वंशाच्या रहिवाशांना शहरातून हाकललं तेव्हा शेकडो घरं ओस पडली. पुढच्या मालकांनी चार-चार पडकी घरं एकत्र करून एक घर आणि बाकी बाग केली. दाटीच्या वस्तीत एवढी हिरवाई कुठून, याचं उत्तर असं कडू आहे.

दार उघडं दिसलं म्हणून आत जाऊ नका, ती खासगी घरं आहेत. एखादं आतून बघायचंच तर माक्स मोरो या बेल्जियन चित्रकाराचं कार्मेन संग्रहालय म्हणून खुलं आहे. उतारावर टप्पे पाडून बाग कशी बसवतात, ते तिथं नीट दिसतं.

दुपार, संध्याकाळ, वाट चुकणं

दोन ते पाच वस्ती झोपते. दुकानांचं शटर खाली, जेवणाच्या जागा मात्र चालू. या वेळी मोठ्याने बोलत फिरू नका. बोळ अरुंद, भिंती टणक, आवाज दोन्ही बाजूंनी आपटत वरच्या खिडक्यांपर्यंत जातो. रहिवाशांची पर्यटकांबद्दलची पहिली तक्रार हीच असते. रात्रीचं जेवण नऊच्या आत मिळवायचा हट्ट धरू नका. ड्रिंकसोबत येणारा तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, ग्रानादात फुकट असतो, त्यावर तोवर निभतं.

सान निकोलासला सकाळी गेलात तर ऊन समोरून येतं आणि अल्हाम्ब्रा काळपट दिसतो. तांबडा रंग हवा तर सूर्यास्ताच्या आधी पाऊण तास: जूनअखेर सूर्य साडेनऊनंतर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. गर्दी झेपत नसेल तर शेजारच्या मशिदीची बाग बघा. 2003 मध्ये उघडलेली ही मशीद आहे, तिची बाग सर्वांना खुली असते आणि दृश्य तेच.

नकाशावरची निळी खूण या बोळांत भरकटते. पाट्या वाचा: 'कुएस्ता' म्हणजे चढ, 'प्लासेता' छोटा चौक, 'काल्येखोन' बोळ, आणि तो पुढे बंदही असू शकतो. अगदीच चुकलात तर उताराने चालत राहा. दक्षिणेला उतरलात तर दारो नदी लागते, पश्चिमेला एल्विरा रस्ता, आणि दोन्हींवरून प्लासा नुएवा गाठता येतो.

नदीकडे उतरलात तर कारेरा देल दारोवर एल बान्युएलो लागतं, अकराव्या शतकातलं हमामखाना. आधी थंड, मग कोमट, मग गरम अशा ओळीने दालनं आहेत, आणि छतात चांदण्यांच्या आकाराची भोकं: उजेड आत येतो, वाफ बाहेर जाते. खांबांची शीर्षं नीट बघा, एकाला एक जुळत नाही. ती आणखी जुन्या इमारतींतून काढून आणलेली आहेत. तिथून प्रवाहाच्या दिशेने पाच-सात मिनिटं चालत सांता आना चर्चपाशी या. कठड्यावरून वाकून बघा, चर्चच्या कुशीत नदी एका कमानीखाली शिरते आणि शहराच्या पोटात दिसेनाशी होते.