जर्मनीला शिकायला जाताय? या चुका टाळा

"दादा, याही वेळी राहिला विषय. पण ठीक आहे, पुढच्या सेमिस्टरला काढते. एटीकेटी असतेच ना?"

फोनवर हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सांगलीची मुलगी, मेकॅनिकलला उत्तम मार्क, जर्मनीत मास्टर्सच्या दुसऱ्या सत्रात. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी मिळतात. सक्तीचा विषय तिसऱ्यांदा गेला की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात घ्यायचा म्हटलं तरी दार सहसा बंद असतं. तिच्या दोन संधी गेल्या होत्या.

तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांना मी काही वर्षं मदत करतोय. अडचणीत येणारी बहुतेक मुलं अभ्यासाला कमी पडत नाहीत. आपल्याकडचे नियम तिथेही असणार असं ती गृहीत धरतात, तिथे घात होतो.

पहिली चूक म्हणजे नाव बघून अर्ज करणं. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, राज्यं 16, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची स्वतःची परीक्षा-नियमावली असते. तिला प्र्यूफुंग्सओर्डनुंग म्हणतात. किती संधी, थीसिस कधी, कोणते विषय सक्तीचे, सगळं त्यात असतं. जोडीला मोडूलहांडबूख, म्हणजे विषयवार माहितीपुस्तिका. दोन्ही पीडीएफ बहुधा विद्यापीठाच्या साइटवरच मिळतात. रँकिंगच्या याद्या चाळण्यात महिने घालवणारी मुलं या दोन पीडीएफ उघडतही नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

विद्यापीठ आणि 'होखशूलं' यांतला फरकही असाच दुर्लक्षिला जातो. होखशूलंमध्ये भर प्रत्यक्ष कामावर, शिकवणारे प्राध्यापक बहुतेक उद्योगातून आलेले. संशोधनात जायचं असेल तर विद्यापीठ बरं, कारण पीएचडी देण्याचा अधिकार मुख्यतः त्यांच्याकडे आहे. पण कारखान्यात इंजिनिअर व्हायचं असेल तर होखशूलंला दुय्यम समजू नका.

अर्ज नाकारला जाण्याचं मोठं कारण मार्क नसतात, विषय असतात. अभ्यासक्रमाची अट असते: गणिताचे इतके क्रेडिट, प्रोग्रामिंगचे इतके. तुम्ही बी.ई. मेकॅनिकल केलंय आणि डेटा सायन्सला अर्ज करताय, तर तुमचा सीजीपीए 9 असला तरी ती अट सुटत नाही. शिवाय आपल्या मार्कशीटवरचे 4 क्रेडिट म्हणजे तिथले 4 नव्हेत. तिथला एक ईसीटीएस (युरोपातल्या क्रेडिट पद्धतीचा) क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, सेमिस्टरला 30 क्रेडिट. म्हणून अर्जाआधी आपला सिलॅबस आणि त्यांची अट शेजारी ठेवून विषय जुळवा.

मार्कांचं गणितही उलटं. तिथे 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास. रूपांतराचं सूत्र असं: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, कमाल आणि किमान पास गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सीजीपीए 8.2, कमाल 10, पास 4 असेल तर उत्तर 1.9. पण पासची मर्यादा 5 धरली गेली तर तेच गुण जवळजवळ 2.1 होतात. प्रवेशाची अट 2.0 असेल तर एवढ्यावर अर्ज बाद होतो. त्यामुळे किमान पास गुण किती, हे कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून घ्या.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धसत्य आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017-18 च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024-25 पासून अशा विद्यार्थ्यांसाठी शुल्क सुरू केलं, मास्टर्सला सत्रामागे 4,000 ते 6,000 युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवायची अट सप्टेंबर 2024 मध्ये आली. ही रक्कम बदलते, भरण्याआधी पाहा. कन्सल्टंट एकाच खासगी संस्थेचा आग्रह धरत असेल तर त्याला कमिशन कोण देतं ते सरळ विचारा, आणि संस्थेला सरकारी मान्यता आहे का ते स्वतः तपासा.

बारावीनंतर थेट बॅचलर्सला जायचं असेल तर नुसती बारावी सहसा पुरत नाही. इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठातलं एक यशस्वी वर्ष किंवा जेईई ॲडव्हान्स्डसारखी पात्रता लागते.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचा दाखला, भारतीय विद्यार्थ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे, अपवाद थोडे. प्रवेशपत्र आल्यावर बघू म्हणून थांबू नका. हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी 15 जुलै, पण इंग्रजी मास्टर्सची बरीच आधी संपते.

तिथे पोचल्यावरची सगळ्यात महाग चूक परीक्षेच्या नोंदणीची. तासांना बसलात म्हणून परीक्षेला बसता येत नाही. ऑनलाइन पोर्टलवर विषयवार नोंदणी ठरल्या तारखांतच करावी लागते. तयारी नसेल तर मुदतीत नाव काढून घ्या. नाव ठेवून गेला नाहीत तर अनेक ठिकाणी 5.0, म्हणजे नापास, पडतो आणि एक संधी संपते. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरचं प्रमाणपत्र घेऊन परीक्षा कार्यालयाला कळवा. बऱ्याच विषयांत इंटर्नल मार्क नसतात, 90 मिनिटांचा एकच पेपर सगळं ठरवतो.

सांगलीच्या त्या मुलीला मी आधी 'आइनझिख्त'ला पाठवलं. तपासलेला पेपर समोर बसून बघायचा तो दिवस. पहिल्या वेळी ती गेलीच नव्हती, पेपर बघायला मिळतो हेच माहीत नव्हतं. तिथे दिसलं की उत्तरं तिची बरोबर होती, पण मधल्या पायऱ्या गाळल्या होत्या, आणि गुण पायऱ्यांना होते. मग विद्यार्थी संघटनेकडून, म्हणजे फाखशाफ्टकडून, जुने पेपर आणले. स्टुडियनबेराटुंगमध्ये, म्हणजे सल्लाकेंद्रात, बसून त्या सत्रातले दोन विषय पुढे ढकलले. रोज एक जुना पेपर, घड्याळ लावून, प्रत्येक पायरी लिहून. फेब्रुवारीत निकाल लागला, 2.7. तिचा मेसेज आला तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजले होते. मी जागाच होतो.