थंडी ओसरताना गळाने मरळ कशी धरावी

नागपूर जिल्ह्यात जानेवारीच्या रात्री पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो आणि तलावातील मरळ खाणे जवळजवळ सोडून खोलगट जागी, गाळाच्या आसऱ्याने पडून राहते. फेब्रुवारीत दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास जाऊ लागले की ती पुन्हा उथळ पाण्याकडे सरकते. हंगामाच्या या सुरुवातीच्या आठवड्यांत मासा नसतो म्हणून नव्हे, तर वेळ आणि काठ चुकल्यामुळे व आमिष घाईने ओढल्यामुळे अनेकांना रिकाम्या हाताने परतावे लागते.

सर्वप्रथम परवानगीचे पाहावे. नागपूर आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील अनेक तलावांत, मामा (माजी मालगुजारी) तलावांत व बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन गळ टाकण्यापूर्वी संस्थेच्या माणसाला विचारणे आवश्यक आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे. तिकडे गळ नेऊच नये.

एरवी पहाट ही मासेमारीची हक्काची वेळ मानली जाते, परंतु फेब्रुवारीत तिचा उपयोग नाही. रात्रभर गार झालेले उथळ पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून सकाळी निवांत जेवून अकराच्या सुमारास तलावावर पोहोचावे आणि ऊन कलेपर्यंत थांबावे. काठ निवडताना उत्तरेच्या काठाला प्राधान्य द्यावे. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने त्या बाजूला ऊन अधिक वेळ टिकते, आणि वारा उत्तरेकडून येत असेल तर काठावरच्या झाडीमुळे किंवा पाळीमुळे तिथले पाणी हलत नाही व लवकर कोमट होते. गुडघाभर ते कंबरभर पाणी, खाली काळा गाळ आणि वर कमळाची पाने किंवा पाण्यात उतरलेले बेशरमाचे झुडूप अशी जागा सापडली, तर ती सोडू नये.

मरळ कल्ल्यांनी श्वास घेतेच, पण तिला हवेचीही गरज असते आणि त्यासाठी ती अधूनमधून पृष्ठभागावर येते. म्हणून पोहोचताच गळ न टाकता निदान पंधरा मिनिटे सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने उभे राहून पाणी पाहावे. ‘गुळूप’ असा हलका आवाज, मागे उरलेले एक वर्तुळ आणि दोन-तीन बुडबुडे दिसले, की मरळीचा ठावठिकाणा कळला. वारा नसताना बेशरमाची एखादीच काडी हलत असेल, तर तिच्या बुडाशी मरळ असण्याची शक्यता मोठी असते.

साहित्य साधेच पुरते, मात्र दोरीत काटकसर करू नये. साडेसहा ते सात फुटांचा दणकट रॉड, मध्यम आकाराचे रीळ आणि ३० ते ४० पाउंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) दोरी घ्यावी, कारण गळाला लागताच मरळ झुडपात घुसते आणि बारीक दोरी तिथेच तुटते. जिवंत बेडूक लावण्याची जुनी रीत सोडून द्यावी. गळाची टोके अंगाला चिकटून असलेला पोकळ रबरी बेडूक वेलींत कमी अडकतो आणि काम तितकेच करतो. पाणी अजून गारच वाटत असेल, तर तरंडाखाली (दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेखाली) हातभर खोलीवर जिवंत झिंगा किंवा जाड गांडूळ लावून थांबणे अधिक फलदायी ठरते.

रबरी बेडूक मरळीच्या जागेवर थेट आदळू नये. तो चार-पाच फूट पलीकडे, शक्य झाल्यास कमळाच्या पानावरच टाकावा, तिथून अलगद पाण्यात उतरवावा आणि मग वीतभर ओढून थांबवावा. पावसाळ्यात मरळ वेगाने जाणाऱ्या आमिषाचाही पाठलाग करते. आता मात्र तिचे अंग सुस्त असते, म्हणून प्रत्येक ओढीनंतर पाण्यावरचे वर्तुळ पूर्ण विरेपर्यंत बेडूक हलवू नये. हा थांबा कंटाळवाणा आहे, पण बहुतेक वेळा झडप त्यातच बसते.

झडपेचा आवाज ऐकताच रॉड खेचण्याचा मोह होतो आणि नेमकी तिथेच मरळ निसटते. रॉडचे टोक खाली ठेवून क्षणभर थांबावे, दोरीला वजन जाणवले की जोराने वर ओढावे आणि तिचे डोके पृष्ठभागावर ठेवूनच भरभर रीळ गुंडाळावे. झडप हुकली, तर आमिष लगेच काढून न घेता तिथेच स्थिर ठेवावे. ती पुष्कळदा परतते.

मरळीचे दात बारीक पण तीक्ष्ण असतात, तेव्हा गळ बोटांनी नव्हे तर पक्कडीने काढावा. राज्याचा मासा म्हणून पापलेटाला मान मिळाला असला, तरी विदर्भात रस्सा मरळीचाच, त्यामुळे ती घरी नेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. तरीही हातभरापेक्षा लहान मरळ ओल्या हाताने धरून परत सोडावी. लालसर-केशरी पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला, तर खाली राखण करणारे नर-मादी असतात, तिथे गळ टाकू नये. ठेवायची मरळ उघड्या बादलीत टाकल्यास उडी मारून निघून जाते, म्हणून ती ओल्या गोणपाटात गुंडाळून तोंड घट्ट बांधावे आणि गोणपाट सावलीत ओले ठेवावे; ओलावा टिकला तर ती घरी पोहोचेपर्यंत जिवंत राहते.