पिकअप वळवताना खरखर येतेय? आधी आवाज कधी येतो ते पकडा

वळताना चाकातून खरखर आली की लोक लगेच बेअरिंग गेलं म्हणून मोकळे होतात. मीपण तेच केलं, पुढचं बेअरिंग बदलून घेतलं, बाहेर पडलो तर पहिल्याच वळणाला तोच आवाज. चाक खोलल्यावर निघालं काय, तर ब्रेकची डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात अडकलेला नखाएवढा खडा!

तर आधी मोकळी जागा बघा, काचा खाली, गाणी बंद, एसीचा फॅनपण बंद.

गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा. इथेच कण्हल्यासारखा आवाज आला तर पावर स्टिअरिंगचं ऑइल बघा (इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर हे सोडून द्या), आणि फुल काटून धरून ठेवू नका, पंप तापतो.

मग हळू चालवत फुल कट मारा. अॅक्सिलरेटर दिला की कटकट वाढते? पुढच्या चाकांना पॉवर जात असेल तर बहुतेक सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला पॉवर पोचवणारा सांधा), रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं म्हणजे त्यावरचं रबरी कव्हर (बूट) फाटलंय. मोठे टायर टाकले असतील तर लायनरवर (चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) घासल्याची खूण शोधा. आणि हो, फोर बाय फोर चुकून चालू राहिलंय का तेपण बघा, कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, करकरते, आणि आपण उगाच पार्ट शोधत बसतो.

बेअरिंगची घरघर मात्र वेगाबरोबर वाढते. मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला हलकंसं डावीउजवीकडे घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. टायर वेडेवाकडे झिजले असले तरी अशीच घरघर येते, पण ती स्टिअरिंग हलवून फारशी बदलत नाही.

आता जॅक लावा, पण उरलेल्या चाकांना ओट लावून आणि खाली स्टँड देऊनच, नुसत्या जॅकवर अजिबात नाही. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा). ही ट्रिक मला फार उशिरा कळली. आडवं धरून हलवल्यावर प्ले असेल तर टाय रॉडपण (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत येणारा दांडा) तपासा. मग स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवा, बेअरिंग खराब असेल तर हाताला खरखर लागते.

मग चाक काढून ब्रेक पॅडची जाडी बघा, डिस्कवर खोल चरे असतील तर बहुतेक पॅड संपून लोखंड घासतंय. मागचा पत्रा डिस्कला टेकत असेल तर हातानेच डिस्कपासून जरा लांब ओढा आणि फिरवून ऐका.

प्ले स्पष्ट जाणवत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.