मूत्रपिंड जागेवर दिसत नाही? या चुका टाळा

सोनोग्राफीच्या अहवालात ‘डावे मूत्रपिंड जागेवर दिसत नाही’ असे वाचले की ते जन्मतःच नाही, असे धरून चालणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. गर्भात मूत्रपिंडे ओटीपोटात तयार होतात आणि साधारण 6 ते 9 आठवड्यांच्या काळात वर सरकतात. ही वाटचाल बिघडली, तर मूत्रपिंड ओटीपोटातच राहते, कधी मध्यरेषा ओलांडून दुसऱ्याला चिकटते, तर फारच विरळा श्वासपटल ओलांडून छातीत जाते. त्यामुळे मूत्राशयामागे, त्रिकास्थीसमोर (मणक्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडासमोर) शोध घेतल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये. एरवी मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसणारी अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी मात्र वरच राहते. ती चपटी, आडवी पसरते आणि नवजात बाळात घाईने पाहिल्यास तीच मूत्रपिंड वाटू शकते.

याच्या उलट चूक अधिक घातक ठरते. ओटीपोटात हाताला लागलेली गाठ ट्यूमर समजून काढायला घ्यावी आणि ते मूत्रपिंड, कदाचित एकुलते एक, निघावे, असे पूर्वी घडलेले आहे. शिवाय अशा मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या महाधमनीच्या खालच्या टोकापासून किंवा ओटीपोटातील धमन्यांपासून निघतात, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचा नकाशा सीटी अँजिओग्राफीने (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनने) पाहिलाच पाहिजे.

माझ्या मते सर्वांत उपेक्षित राहतात ते शेजारचे अवयव. मुलीत गर्भाशय व योनिमार्ग अपूर्ण असू शकतात, आणि ते बहुधा पाळी न आल्यावरच उघडकीस येते; तोवर त्या मुलीची कितीतरी वर्षे गेलेली असतात. मुलात वृषण खाली उतरले आहेत का आणि मूत्रमार्गाचे छिद्र योग्य जागी आहे का, हे पाहावे. मणका, गुदद्वार आणि हृदयही तपासावे. घोड्याच्या नालेसारखे जोडलेले मूत्रपिंड असलेली मुलगी वयाच्या मानाने बुटकी असेल, तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसणे किंवा अपूर्ण असणे) गुणसूत्रांची तपासणी करावी. तापासह लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होत असल्यास मूत्र मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे उलटे चढते का, हे शोधावे.

केवळ जागा चुकली म्हणून उपचार लागत नाहीत. काम नीट चालत असेल तर मूत्रपिंड तिथेच राहू द्यावे. पण त्यात खडा झाला, तर कळ कमरेऐवजी बेंबीखाली येते आणि अपेंडिक्सचा संशय घेतला जातो. म्हणून जुना अहवाल जवळ ठेवावा आणि पोटाच्या प्रत्येक तक्रारीवेळी डॉक्टरांना तो आधी दाखवावा.